अर्धा रस्ता खणलेला, अर्ध्यावर वाहतूक: चाकांवरचा सिग्नल बसवण्याची रीत

मोरीचं, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्याच्या छोट्या पुलाचं काम निघालं की निम्मा रस्ता खणायचा आणि उरलेल्या निम्म्यावरून गाड्या आळीपाळीने सोडायच्या, हे आपल्याकडे रोजचं आहे. दोन टोकांना दोन झेंडीवाले उभे करण्याऐवजी आता बरेच ठेकेदार चाकांवरचे सोलर सिग्नल आणतात. सिग्नल बहुतेक वेळा ठीक असतो, तो लावण्यात चूक होते. हिरवा किती सेकंद ठेवायचा यावर अर्धा तास चर्चा चालते. पण एका बाजूला लाल लागल्यापासून दुसऱ्या बाजूला हिरवा लागेपर्यंतचा वेळ मशिनमध्ये आधीपासून असतो तसाच राहतो. या वेळेत दोन्हीकडे लाल असतो आणि मधला रस्ता रिकामा होत असतो. साइटवर याला ऑल-रेड म्हणतात. समोरासमोर येण्याचे प्रसंग घडतात ते हा वेळ कमी पडल्यामुळे.

सांगली जिल्ह्यात एका राज्यमार्गावर मोरीच्या कामावर मी हे डोळ्यांसमोर पाहिलं. गाळप हंगाम होता. खड्डा ३० मीटरचा, म्हणून कोणीतरी ऑल-रेड १५ सेकंद ठेवला होता. संध्याकाळी उसाची डबल ट्रॉली हिरव्याच्या शेवटी शेवटी आत शिरली. ती अर्ध्यात पोचते तोवर समोरून हिरवा लागला आणि एसटी निघाली. खड्ड्याशेजारी दोघं नाकासमोर नाक लावून उभे. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागे घेता येत नाही, आणि एसटीच्या मागे गाड्या येऊन चिकटलेल्या. कोणाला लागलं नाही, पण रस्ता सुटायला दोन तास गेले. नंतर टेप धरली तेव्हा थांबरेषेपासून थांबरेषेपर्यंतचं अंतर १३० मीटर निघालं. डबल ट्रॉलीला ते पार करायला चाळीस सेकंदांच्या वर लागत होते.

तेव्हापासून मी जो क्रम पाळतो तो खाली देतोय. दोन पदरी, म्हणजे साधारण ७ मीटर रुंद डांबरी रस्ता आणि त्यातली एक बाजू बंद, असं काम डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

## टप्पा १: इथे सिग्नल चालेल का, ते आधी ठरवा

प्रत्येक साइटवर सिग्नल चालत नाही. डोंगर कापताना दरड किंवा दगड उरलेल्या अर्ध्या रस्त्यावर येण्याची शक्यता असेल, तर तिथे आळीपाळी करू नये. मुंबई-गोवा महामार्गावरच्या परशुराम घाटात २०२२ च्या उन्हाळ्यात दिवसातले ठरावीक तास रस्ता पूर्ण बंद ठेवून काम करावं लागलं. करूळ घाटाच्या कामात वाहतूक भुईबावडा घाटाकडे वळवली गेली. अशा ठिकाणी सिग्नल हा पर्यायच नसतो.

बाकी ठिकाणी लांबी आणि वाहनसंख्या बघायची. समजा सावकाश चालणारं वाहन ताशी १५ किलोमीटरने जातं, म्हणजे सेकंदाला ४.१७ मीटर. हिरवा ६० सेकंद आणि पिवळा ३ सेकंद. सुरुवातीचे पाच सेकंद हलण्यात जातात आणि पुढे दर अडीच सेकंदाला एक गाडी सुटते असं धरलं, तर एका हिरव्यात साधारण २२ गाड्या निघतात. मग हिशोब असा येतो:

- २०० मीटर: ऑल-रेड ५० सेकंद, पूर्ण फेरा (दोन्ही बाजूंचे हिरवा, पिवळा आणि ऑल-रेड मिळून) २२६ सेकंद, एका दिशेला तासाला सुमारे ३५० गाड्या.
- ३०० मीटर: ऑल-रेड ७५ सेकंद, फेरा २७६ सेकंद, सुमारे २८५ गाड्या.
- ५०० मीटर: ऑल-रेड १२५ सेकंद, फेरा ३७६ सेकंद, सुमारे २१० गाड्या.

५०० मीटरला हिरवा दुप्पट केला तर गाड्या ३३० च्या आसपास जातात, पण मग एका बाजूचा माणूस सहा मिनिटांहून जास्त वेळ लालवर थांबतो. माझा अनुभव असा, की तीन मिनिटांनंतर दुचाक्या रांगेच्या कडेने पुढे सरकू लागतात आणि एक घुसली की मागून दहा घुसतात. म्हणून ३०० मीटरच्या पुढे मी जात नाही. काम लांब असेल तर त्याचे तुकडे पाडा. ठेकेदाराला एकदम लांब तुकडा हवा असतो, कारण पेव्हर (डांबर पसरवणारं मशिन) किंवा जेसीबी सारखा हलवावा लागत नाही. इथे साइट इंजिनिअरने ठाम राहायला हवं.

तपासा: बाजाराचा दिवस धरून सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकी दोन तास गाड्या मोजल्यात का? गर्दीच्या तासाचा आकडा वरच्या क्षमतेच्या जवळ येत असेल, तर त्या तासांपुरता माणूस नेमा, तुकडा छोटा करा किंवा पर्यायी रस्ता द्या.

इशारा: रांग वाढत वाढत रेल्वे फाटकावर, पुलावर, आंधळ्या वळणावर किंवा चौकात जाणार असेल, तर थांबरेषेची जागा बदला. ताशी ३०० गाड्या येत असतील आणि लाल १७० सेकंद असेल, तर एका लालला १४ गाड्या साठतात. गाडीमागे १० मीटर धरले तर १४० मीटरची रांग. बस आणि ट्रक जास्त असतील तर आणखी लांब.

## टप्पा २: परवानगी आणि सांगावा

वाहतुकीवर निर्बंध घालायचे तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ खाली सक्षम अधिकाऱ्याची अधिसूचना लागते. ती हातात येण्याआधी रस्ता अडवू नका. वाहतूक शाखेला नकाशा द्या. त्यावर थांबरेषा, फलकांची अंतरं आणि सिग्नलच्या वेळा लिहा. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८अ मुळे सुरक्षेची ठरलेली मानकं न पाळल्यास ठेकेदार आणि सल्लागारसुद्धा दंडाला पात्र ठरतात. तो दंड एक लाख रुपयांपर्यंत आहे. मानकं म्हणजे इथे मुख्यतः इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:एसपी:५५ ही पुस्तिका. काम चालू असलेल्या ठिकाणची वाहतूक कशी हाताळायची, हा तिचा विषय. ती साइट ऑफिसमध्ये छापील ठेवा.

मग सांगावा. जवळचा एसटी आगार, १०८ रुग्णवाहिका, ग्रामपंचायत, शाळेच्या गाड्या चालवणारे आणि हंगाम असेल तर साखर कारखान्याचा शेती विभाग. कारखान्याला कळवलं की ते मुकादमांना सांगतात. ट्रॅक्टरवाल्यांपर्यंत निरोप पोचवायचा दुसरा सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

## टप्पा ३: मोजणी (इथे घाई करू नका)

चार गोष्टी मोजायच्या.

एक, लांबी. खड्ड्याची लांबी धरायची नाही. एका थांबरेषेपासून दुसऱ्या थांबरेषेपर्यंत टेप टाका. खड्डा ४० मीटरचा असला, तरी दोन्ही बाजूंना रस्ता निमुळता करत नेणारे ड्रम, जेसीबी फिरायची जागा आणि वळून आत येण्याची जागा धरून अंतर १४० मीटर होऊ शकतं. ऑल-रेडच्या नव्वद टक्के चुका इथे होतात, असं मी बिनदिक्कत म्हणेन.

दोन, सावकाश वाहनाचा वेळ. स्टॉपवॉच घ्या. वाहनाचं पुढचं चाक आपल्या थांबरेषेवरून गेलं की बटण दाबा आणि त्याचं शेपूट समोरच्या थांबरेषेच्या पलीकडे गेलं की थांबवा. शेपूट महत्त्वाचं आहे, कारण ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून लांबी पंधरा मीटरच्या पुढे जाते. दोन्ही दिशांना किमान वीस सावकाश वाहनं मोजा: भरलेली ट्रॉली, वाळूचा डंपर, बैलगाडी. त्यांची सरासरी काढू नका. रोज दिसणाऱ्यांतलं सगळ्यात सावकाश वाहन धरा आणि त्यावर दोन-तीन सेकंद वाढवा.

ही मोजणी वळण, म्हणजे गाड्या वळवायचा तात्पुरता मार्ग, तयार झाल्यावर करायची. चांगल्या डांबरी रस्त्यावर मोजलेला वेळ कच्च्या मुरमाच्या वळणावर लागू पडत नाही. पाऊस पडून चिखल झाला की पुन्हा मोजा.

तीन, चढ. चढावर भरलेला ट्रक ताशी १० किलोमीटरवर आला, तर २०० मीटरला त्याला ७२ सेकंद लागतात. उताराला तोच ट्रक ४० सेकंदांत जाईल. म्हणून ऑल-रेड दोन्ही दिशांना वेगळा ठेवता येईल असाच कंट्रोलर घ्या. चढाच्या बाजूने शेवटची गाडी शिरल्यावर जास्त वेळ द्यायचा, उताराच्या बाजूने शिरल्यावर कमी. दोन्हीकडे सारखाच वेळ ठेवला तर एक बाजू धोक्यात राहते किंवा दुसरी उगाच खोळंबते. अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियम आपल्या चालकांच्या अंगात आहे. त्यामुळे चढणारा लवकर थांबत नाही, हेही लक्षात असू द्या.

चार, चालू पदराची रुंदी. बसची कमाल रुंदी २.६ मीटर. उसाच्या मोळ्या मात्र ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेल्या असतात. खड्ड्याच्या कडेला बॅरिकेड लावल्यावर उरणारी जागा मोजा. हंगामात मी ४ मीटर मागतो, एरवी ३.५ मीटरवर भागतं. त्याहून बरीच जास्त ठेवली की दुचाक्या समोरासमोर निघण्याचा मोह धरतात.

तपासा: या टप्प्याच्या शेवटी तुमच्या वहीत सहा आकडे हवेत: लांबी, दोन दिशांचे ऑल-रेड, दोन दिशांचे हिरवे आणि रांगेचा अंदाज. हे नसतील तर सिग्नलचा गाडा अंगणातून हलवू नका.

## टप्पा ४: उपकरण घेताना किंवा भाड्याने आणताना

बाजारात दोन तऱ्हेची जोडी मिळते. एका तऱ्हेत दोन्ही युनिट एकमेकांशी रेडिओवर बोलतात. दुसरीत दोघांना स्वतंत्र टायमर असतो आणि ते एकाच क्षणी चालू करायचे असतात. दुसरी तऱ्हा स्वस्त असते. ती घेऊ नका.

कारण साधं आहे. घड्याळाचा स्फटिक दहा लाखात २० भाग चुकला, तरी दिवसाला जवळपास पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. आठवड्यात तो १२ सेकंदांवर जातो. म्हणजे पहिल्या दिवशी ५० सेकंद असलेला ऑल-रेड एका दिशेला गुपचूप ३८ वर आलेला असतो. त्यातून एका युनिटची बॅटरी बदलली किंवा ते बंद होऊन चालू झालं, तर दोन्हीकडे एकदम हिरवा लागू शकतो. समोरचं युनिट काय दाखवतंय हे त्याला ठाऊकच नसतं.

रेडिओवाल्या जोडीत या गोष्टी स्वतः करून बघा, विक्रेत्याच्या शब्दावर राहू नका:

- संपर्क तुटला तर दोन्हीकडे लाल लागून तसाच राहतो का?
- एका बाजूचा लाल दिवा जळला तर समोरचा हिरवा आपोआप रोखला जातो का?
- हातातल्या रिमोटवर दोन्हीकडे लाल करायचं आणि हवी ती बाजू सोडायचं बटण आहे का?
- प्रत्येक दिशेला ऑल-रेड स्वतंत्र लावता येतो का?
- दिवा ३०० मिलिमीटरचा आहे का, वर ऊन अडवणारी टोपी आहे का?

इशारा: काही युनिटमध्ये बिघाड झाला की पिवळा लुकलुकतो. चौकात ते ठीक आहे. एकाच पदरावर मात्र दोन्हीकडचा चालक लुकलुकता पिवळा म्हणजे 'जपून जा' असं समजतो आणि दोघंही आत शिरतात. ही सेटिंग बंद करून स्थिर लाल लावून घ्या.

रेडिओबद्दल आणखी एक. घाटात दोन युनिटच्या मध्ये डोंगराची सोंड आली की २.४ गिगाहर्ट्झचा संपर्क लवकर तुटतो. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यातलं उपकरण वळणाआड जास्त निभावतं. अँटेना उंच करून बघा. तरीही तुटत असेल तर मध्ये रिपीटर, म्हणजे संदेश पुढे पोचवणारं उपकरण, लागेल.

गाडी ओळखणारा सेन्सर असेल तर उत्तम, कारण रात्री रिकाम्या रस्त्यावर कोणाला उगाच थांबावं लागत नाही. रात्रीसाठी दोन्हीकडे लालच ठेवायची सोय निवडा. जो आधी येईल त्याला, मधला रस्ता आधीच रिकामा असल्यामुळे, दोन-तीन सेकंदांत हिरवा मिळतो. रात्री लाल तोडण्याचं प्रमाण याने खरोखर घटतं. पण रडारचा सेन्सर हालचाल बघतो. बैलगाडी, सायकल किंवा रांगत आलेली ट्रॉली त्याला कधी कधी दिसत नाही. म्हणून सेन्सर असला तरी कमाल लालची मर्यादा लावा, म्हणजे कोणी आलं नाही असं वाटलं तरी ठरावीक वेळाने त्या बाजूला हिरवा मिळेल.

उलटी मोजणी दाखवणारे आकडे लोकांना आवडतात आणि लालवर ते उपयोगी आहेत. हिरव्यावर लावू नका. ३, २, १ दिसलं की मागचा गाडी पळवतो. सेन्सर वेळ बदलत असेल तर लालवरचे आकडेही बंद ठेवा. आकडा ५ वरून पुन्हा ३० वर गेलेला एकदा पाहिला की लोक त्यावर विश्वास ठेवत नाहीत.

## टप्पा ५: बॅटरीचा हिशोब

एका युनिटवर दोन सिग्नल, प्रत्येकात एका वेळी एक १० वॅटचा दिवा, अधिक कंट्रोलर, रेडिओ आणि सेन्सरचे १० वॅट धरले तर ३० वॅट होतात. चोवीस तासांचे ७२० वॅट-तास. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्यांत २४०० असतात, पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही. म्हणजे हाताशी १२००, एक दिवस आणि सोळा तास. २०० वॅटचं पॅनल स्वच्छ उन्हात नुकसान वजा जाता दिवसाला साधारण ७०० देतं. म्हणजे उन्हाळ्यातही हिशोब जेमतेम जुळतो. पॅनलवर खडी-मुरमाची धूळ बसली की तो बिघडतो, आणि जून ते सप्टेंबरमध्ये तर पॅनलवर विसंबताच येत नाही.

तुमच्या युनिटचे आकडे वेगळे असतील, मीटर लावून मोजा. पावसाळ्यात बॅटरीचा चार्ज केलेला दुसरा संच साइटवर ठेवा आणि बदलायचा वार ठरवून टाका. रोज सकाळी पॅनल ओल्या फडक्याने पुसण्याचं काम एका माणसाच्या नावाने लावा. बॅटरीच्या पेटीला कुलूप आणि साखळी लागतेच.

## टप्पा ६: रस्त्यावर मांडणी

क्रम हा: बाहेरून आत. येणाऱ्या गाडीला जे आधी दिसायला हवं ते आधी लावायचं.

१. आधी दोन्ही बाजूंचे सगळ्यात लांबचे फलक: 'पुढे रस्त्याचं काम चालू आहे'. जागा थांबरेषेपासून मोजू नका, रांगेच्या शेपटापासून मोजा. ताशी ८० च्या वेगाला गाडी थांबायला १२० मीटर लागतात आणि ६० ला ८० मीटर. रांग १४० मीटरची असेल आणि गाड्या ८० ने येत असतील, तर फलक थांबरेषेपासून २६० मीटरच्याही मागे हवा.

२. मग वेगमर्यादेचा फलक, रस्ता अरुंद होत असल्याचा फलक आणि 'पुढे सिग्नल आहे'.

३. मग रस्ता निमुळता करत नेणारे ड्रम किंवा कोन. रात्रीसाठी चकाकणारी पट्टी लावलेले.

४. खड्ड्याच्या कडेने सलग बॅरिकेड. नुसती लाल-पांढरी फीत लावून भागत नाही.

५. थांबरेषा आणि तिच्याजवळ 'लाल दिवा असताना इथे थांबा'. कच्च्या भागात रंग टिकत नाही, म्हणून फलक लागतोच.

६. शेवटी सिग्नलचे गाडे, तोंडावर गोणपाट बांधून. चाकांना ठोकळे, पायांना वाळूच्या पिशव्या. वाऱ्याने कोसळलेला सिग्नल मी पाहिलाय.

प्रत्येक बाजूला शक्य तर दोन दिवे द्या, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. समोर डंपर उभा राहिला की मागच्या दुचाकीला एकच दिवा दिसत नाही. रस्ता पूर्व-पश्चिम असेल तर सूर्य वर येताना आणि मावळताना स्वतः चालकाच्या जागी उभे राहून बघा. ऊन समोरून आलं की लाल आणि हिरवा दोन्ही फिकट दिसतात. थोडं तिरकं केलं की बहुतेकदा सुटतं.

इशारा: बंद तुकड्याच्या मध्ये शेताचा रस्ता, वस्ती किंवा पेट्रोल पंप उघडत असेल तर तिथून निघणाऱ्याला कोणत्या बाजूला हिरवा आहे हे दिसतच नाही. तिथे तिसरा दिवा लावा किंवा दिवसभर माणूस ठेवा. तेवढ्यापुरतं काय होतंय, असं म्हणून हे सोडून देऊ नका. तुमचे स्वतःचे टिप्परही याच वर्गात मोडतात. खड्ड्यातून बाहेर येणारा टिप्पर सिग्नलच्या दिशेनेच निघाला पाहिजे.

## टप्पा ७: झाकून चाचणी

गोणपाट न काढता, झेंडीवाले वाहतूक चालवत असताना, आतल्या आत सिग्नल चालू करा. दोन माणसं दोन टोकांना, मोबाइलवर बोलत. दहा फेरे पूर्ण बघा आणि प्रत्येक फेऱ्याचा ऑल-रेड स्टॉपवॉचवर लिहा. पडद्यावर दिसणारा आकडा आणि प्रत्यक्ष वेळ जुळतो का ते बघायचं.

मग मुद्दाम बिघडवा. एका युनिटची अँटेना काढा, दोन्हीकडे लाल लागला पाहिजे. लाल दिव्याची वायर काढा, समोर हिरवा येता कामा नये. एक युनिट बंद करून चालू करा, दोन्हीकडे लाल ठेवून तो परत जुळला पाहिजे. यातलं एकही चुकलं तर सिग्नल परत पाठवा. कामाला एक दिवस उशीर झाला तरी चालेल.

सगळं बरोबर आलं की, गर्दी नसलेल्या वेळी, साधारण सकाळी अकराला, दोन्हीकडे लाल असताना एकदम गोणपाट काढा.

## टप्पा ८: पहिले तीन दिवस

झेंडीवाले घरी पाठवू नका. त्यांचं काम बदलतं. आता ते वाहतूक सोडत नाहीत, लालवर थांबायला लावतात आणि रांगेचं शेपूट बघतात. त्यांनी स्वतःच्या मनाने सिग्नलच्या विरुद्ध हात दाखवायचा नाही. 'जा, कोणी नाही समोर' असं एकदा झालं की लोक सिग्नलकडे न बघता त्याच्या हाताकडे बघायला लागतात. सिग्नल आणि माणूस यांत एकाच वेळी एकानेच हुकूम द्यायचा. माणसाला हाती घ्यायचं असेल तर रिमोटने सिग्नल चालवा.

या तीन दिवसांत तासातासाला तीन नोंदी ठेवा: हिरवा संपला तेव्हा किती गाड्या उरल्या, किती जणांनी लाल तोडला, आणि दुसरीकडे हिरवा लागला तेव्हा आत कोणी होतं का. तिसरी नोंद एकदा जरी 'होय' आली, तरी त्याच क्षणी ऑल-रेड वाढवा. कारण शोधण्याचं काम नंतर. पहिल्या नोंदीत एकाच बाजूला सतत गाड्या उरत असतील तर त्या बाजूचा हिरवा वाढवा. ऑल-रेडमधून सेकंद काढून हिरव्याला कधीही देऊ नका, वरून कितीही दबाव आला तरी. रांग वाढली की पहिला फोन याच मागणीचा येतो.

रुग्णवाहिका आली तर रिमोटने दोन्हीकडे लाल, आतली वाहनं बाहेर येईपर्यंत थांबणं आणि मग तिला सोडणं. त्याआधी सोडू नका. मध्येच समोरून वाहन आलं तर रुग्णवाहिकाच अडकते.

मेंढपाळांचे कळप, दिंड्या, लग्नाची वरात हे सिग्नलच्या वेळात बसत नाहीत. तेव्हा सरळ हाताने चालवा.

## टप्पा ९: बंद पडला तर

साइटवर लाल-हिरवे दुतर्फी थांबा-जा फलक दोन, चार्ज केलेले दोन वॉकीटॉकी आणि ते वापरायला शिकवलेली चार माणसं, रात्रीसह. दोन्ही टोकं एकमेकांना दिसत नसतील तर शेवटच्या गाडीचा नंबर वॉकीटॉकीवर सांगायचा: 'शेवटची पांढरी टेम्पो, चौऱ्याहत्तर बारा.' पलीकडच्याने ती गाडी बाहेर पडलेली स्वतः पाहिल्यावरच आपली बाजू सोडायची.

सिग्नल बंद पडला की लगेच गोणपाट चढवा. विझलेला सिग्नल उघडा ठेवला तर अर्धे लोक थांबतात, अर्धे जातात.

दाट धुक्यात, आंबोलीसारख्या ठिकाणी पावसाळ्यात तर दिवसासुद्धा, दिवा दिसण्याचं अंतर मोजा. थांबायला लागतं त्याहून ते कमी झालं तर टोकांना माणसं हवीतच आणि रांगेच्या शेपटाशी एक लुकलुकता दिवाही.

## टप्पा १०: बाजू बदलताना आणि काढताना

मोरीची एक बाजू झाली की वाहतूक तिकडे वळते. या दिवशी बहुतेक जण फक्त ड्रम हलवतात. पण थांबरेषा सरकलेल्या असतात, वळण वेगळं असतं, पृष्ठभाग वेगळा असतो. म्हणून टप्पा ३ पासून पुन्हा. मोजणीला दोन तास जातात.

काढताना क्रम उलटा, आतून बाहेर: आधी झेंडीवाले जागेवर, मग सिग्नलवर गोणपाट, मग बॅरिकेड आणि ड्रम, शेवटी लांबचे फलक. थांबरेषेचे पट्टे खरवडून काढा. 'पुढे सिग्नल आहे' हा फलक काम संपल्यावर महिनाभर तसाच राहिलेला मी पाहिलाय. त्यामुळे तिथल्या लोकांना फलक न वाचण्याची सवय लागते, आणि पुढच्या मोरीच्या कामावर ती सवय आपल्याच माणसांना भोवते.